पाहुण्याला वाढलेली हवा

रेवती : मामाजी, हॉलच्या खिडकीतला कूलर कुठे गेला? मी बाबांना आणायला स्टँडवर गेले तेव्हा तर चालू होता.

वैजनाथ : हळू बोल, सूनबाई. तुझे वडील बाथरूममध्ये हातपाय धुताहेत. तिथून सगळं ऐकू येतं.

रेवती : कूलर कुठे आहे?

वैजनाथ : कोठीच्या खोलीत. सुरक्षित आहे. वरून दोन गोधड्या टाकल्यात.

रेवती : कूलरवर गोधड्या?

वैजनाथ : तूर्तास. पंजाबरावांच्या नजरेस पडू नये म्हणून. शेजारच्या दोघांना बोलावून उचलला, पाणी सांडलं ते पुसलंसुद्धा. तू माझ्याकडे अशी वेड्याकडे पाहिल्यासारखी पाहू नकोस.

रेवती : मामाजी, मे महिना आहे. सासूबाई लग्नासाठी मेहकरला, शंतनु दौऱ्यावर, घरात पाच वर्षांची पोर, अंगावर घामोळ्या आल्यात तिच्या. आणि बाबांची तब्येत तुम्हाला माहीत आहे. गेल्या मे महिन्यात अकोल्यात ऊन लागून पडले होते ते. शेजारच्या सागरने दार तोडलं म्हणून हाती लागले.

वैजनाथ : माहीत आहे, म्हणूनच तर केलं हे! तुझी इच्छा काय? त्यांनी पाऊस पडेपर्यंत इथं राहावं, बरोबर? तुझी आई गेल्यापासून एकटे आहेत. तू रोज तीनदा फोन करतेस, त्यांनी उचलला नाही की घरभर फेऱ्या मारतेस. मी बघतो ना. आता मला सांग, त्यांनी आमच्या घरात कूलर पाहिला तर काय म्हणतील?

रेवती : काय म्हणतील?

वैजनाथ : म्हणतील, तुमच्याकडंही कूलर, माझ्याकडंही कूलर, मग लेकीच्या घरी कशाला पडून राहू? आणि उद्याच्या उद्या चालते होतील. बुलढाण्याला कूलर लागत नाही, ही एकच गोष्ट आपल्या बाजूची आहे.

रेवती : पण लागतो ना आता.

वैजनाथ : गेल्या तीन-चार उन्हाळ्यांपासून थोडा थोडा. ते सांगायची गरज आहे का?

रेवती : आणि रात्री?

वैजनाथ : मागच्या खोलीत झोपवू. मधूमालतीचा वेल आहे खिडकीला. पंखा आहे. पायाशी एक जाड चादर ठेवली की झालं.

रेवती : चादर! मामाजी, अहो…

वैजनाथ : आले, आले. या पंजाबराव, बसा. प्रवास कसा झाला?

पंजाबराव : प्रवास कायचा, भट्टीतून निघालो अन् चुलीपर्यंत आलो. खामगाव येईपर्यंत खिडकीचा गज धरला तं हात भाजे. बाजूचा माणूस ओला रुमाल डोक्यावर टाकून बसला, म्हणे तुम्ही बी टाका. मंग बोथ्याचा घाट लागला…

वैजनाथ : हां! घाट लागला, आणि?

पंजाबराव : अन् झोप लागली बाप्पा. अठी स्टँडवर कंडक्टरनं हालवलं तवा जाग आली.

वैजनाथ : पाहिलंत? हवा बदलली म्हणूनच झोप लागली! नाहीतर मे महिन्यात भरदुपारी एसटीत झोप लागते का कोणाला? अहो, इंग्रज साहेबानं जिल्ह्याचं ठिकाण खालच्या एवढ्या बाजारपेठा सोडून या डोंगरावर कशासाठी…

पंजाबराव : हवेसाठी. सांगतलं तुम्ही. लग्नाच्या बैठकीत सांगतलं, इराच्या बारशाले सांगतलं. मले पाठ झालं आता.

रेवती : बाबा, पन्हं घ्या. आणि जीभ दाखवा.

पंजाबराव : इवायासमोर जीभ काढू?

रेवती : काढा. कोरडी आहे. सकाळपासून किती पाणी प्यालात? चक्कर आली होती का? खरं सांगा.

पंजाबराव : वैजनाथराव, ही तुमच्या घरी आल्यावर डाक्तर झाली का हवालदार?

वैजनाथ : दोन्ही. आम्ही सगळे अटकेत आहोत.

रेवती : हसा. बाबा, या वेळी पाऊस पडेपर्यंत राहायचं.

पंजाबराव : झालं सुरू! नातीच्या वाढदिवसाले आलो मी. तो आज हाय, उद्या राहतो, परवा सकाळच्या गाडीनं वापस. लेकीच्या घरी बाप किती दिवस राहते? लोक पाहुणा म्हनतेत तोवर चांगलं.

वैजनाथ : लोकांचं सोडा. रात्री एकदा झोपून तर पाहा आमच्याकडे. जाड चादर ठेवली आहे पायाशी. पहाटे लागेल.

पंजाबराव : चादर? मे महिन्यात?

वैजनाथ : बुलढाणा आहे हे, पंजाबराव.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तलावाच्या काठावरचा बाक; इरा समोर खेळते आहे.)

रेवती : इरा! काठावर नाही! झाडाच्या अलीकडे, म्हटलं ना!

पंजाबराव : अवं खेळू दे ना तिले. पाण्यापासून लय दूर हाय ते. तू लहानपणी मोर्णा नदीत डुबक्या मारत होती.

रेवती : म्हणूनच मला ठाऊक आहे ना काय काय होऊ शकतं. बाबा, तुम्ही चेहरा वर करा जरा. डोळे लाल का आहेत?

पंजाबराव : म्हातारपण.

रेवती : काल तर नव्हते लाल.

वैजनाथ : झोप गाढ लागली की होतात डोळे लाल. काय पंजाबराव, सकाळी तुम्हीच म्हणालात ना, रात्री गारवा जाणवला?

पंजाबराव : हाव. जाणवला ना.

वैजनाथ : चादर लागली?

पंजाबराव : लागली.

वैजनाथ : बघ, सूनबाई. आणि आत्ता हा वारा बघा. घाटाकडून येतो तो थेट या पाण्यावर. इथे बसलं की माणसाचं आयुष्य वाढतं… हो, नमस्कार, नमस्कार! बरंय. हो हो. नंतर बोलू. नंतर, म्हटलं ना!

पंजाबराव : कोण होते हे?

वैजनाथ : आमच्या कोषागारातले जुने सहकारी. फेऱ्या मारतात रोज.

पंजाबराव : ते काय म्हणून गेले? ताट्या आल्या म्हणे बाजारात, नव्या. घेऊन जा म्हणे.

वैजनाथ : ताट्या? हां, ताट्या. कुंपणाच्या.

पंजाबराव : वाळ्याच्या ताट्या कुंपणाले लावता तुम्ही बुलढाण्यात?

वैजनाथ : म्हणजे… बकऱ्या येतात ना फार.

पंजाबराव : वैजनाथराव, मी अकोल्याचा माणूस हावो. आमच्या इकडं पोरगं बोलायले शिकते तं पहिले आई म्हनते, मंग कूलर. वाळ्याची ताटी कूलरले लावतात का कुंपणाले, हे तुम्ही मले सांगता का?

रेवती : बाबा, ते…

पंजाबराव : थांब वं. मले कालच समजलं होतं. खिडकीखाली भिंतीले पाण्याचा ओघळ, फरशीवर चार पायाचे डाग. अन् सकाळी तुमची नात मले घेऊन गेली कोठीत, तिची सायकल दाखवाले. गोधडीखालून वायर लोंबून राह्यली होती. मले वाटलं, राहू द्या. माणसाची हौस हाय.

वैजनाथ : मग सकाळी गारवा जाणवला म्हणून कशाला सांगितलंत?

पंजाबराव : तुम्ही चहाचा कप घेऊन दारात उभे होते. तुमचं तोंड पाह्यलं म्या. परीक्षेचा निकाल पाहाले येते ना पोरगं, तसं तोंड. कोण नाई म्हनंन?

रेवती : म्हणजे रात्रभर तुम्हाला उकडत होतं.

पंजाबराव : थोडं.

रेवती : खरं सांगा.

पंजाबराव : घामानं आंघोळ झाली बाई. इवायानं मानानं ठेवलेली चादर, बाजूले कशी टाकू? घेतली अंगावर. म्हनलं हे आत डोकावले तं दिसली पाहिजे.

रेवती : डोकावले नसते ते! मी डोकावत होते! चार वेळा उठून दाराशी आले. आत तुम्ही चादरीत गुंडाळलेले, आणि मी बाहेर उभी राहून तुमचा श्वास ऐकतेय. आत यावं, चादर ओढून काढावी, कूलर आणावा असं वाटत होतं, आणि आले नाही. का? तर तुम्हाला थंडी वाजते आहे असं तुम्ही दाखवलंत की तुम्ही राहाल, म्हणून! एक उकाड्यानं मरतोय आणि सांगत नाही, दुसरा कूलर लपवतोय, आणि शिकलेली लेक दारात उभी राहून साथ देतेय. गेल्या वर्षीसारखं काही झालं असतं रात्री, तर मी काय उत्तर देणार होते? आणि कोणाला? इरा! चप्पल काढू नकोस, काचा असतात!

वैजनाथ : चूक माझी आहे.

रेवती : तुमचीच आहे.

पंजाबराव : रेवे, सासरा हाय तुहा.

रेवती : म्हणून तर मोठ्यानं बोलतेय. घरातला माणूस आहे म्हणून.

वैजनाथ : बोलू द्या तिला. पंजाबराव, तुम्हाला एक सांगू? पूर्वी आमच्याकडे मे महिन्यात कोण कोण यायचं. अकोल्याचे, मलकापूरचे, खाली रोहिणखेडचे. घर भरून जायचं. सगळे गच्चीवर झोपायचे आणि पहाटे एकेक जण उशी काखेत मारून कुडकुडत खाली यायचा. काय वैजनाथ, काय थंडी आहे तुमच्याकडे! मला इतकं बरं वाटायचं, की जणू रात्रभर बसून मीच केली होती ती थंडी. आमची परिस्थिती बेताची. श्रीखंड-पुरी रोज घालू शकत नव्हतो कोणाला. हवा मात्र पोटभर वाढायचो.

पंजाबराव : हं.

वैजनाथ : मग एका वर्षी कोणी खाली आलंच नाही पहाटे. सगळे आठपर्यंत झोपले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, गच्चीवर डास फार. तिसऱ्या वर्षी शंतनुनं कूलर आणला. त्या दिवशी मी जेवलो नाही. हिला विचारा. कूलरचा राग नव्हता हो. वाटलं, आता कोणी आलं तर काय द्यायचं?

पंजाबराव : अन् म्हणून मले चादर.

वैजनाथ : म्हणून तुम्हाला चादर.

पंजाबराव : बाप्पा, बाप्पा. अन् मी समजलो बुलढाण्याचा माणूस फुशारकी मारून राह्यला.

वैजनाथ : तीही होती थोडी. खोटं कशाला बोलू.

रेवती : बाबा, उद्या नका जाऊ.

पंजाबराव : पाह्य, आली पुन्हा तठीच. मी म्हनतो अठी बी गरमच होते ना आता? कूलर अठी, कूलर तठी. म्हणूनच लपवला असंन तो तुह्या सासऱ्यानं. मंग मी आपल्या घरी का नाई राहू? चाळीस वर्सं कापसाच्या जिनिंगच्या गरमीत काढले, मले काय होते?

रेवती : गेल्या वर्षी काय झालं होतं?

पंजाबराव : ते एक डाव झालं.

रेवती : काय झालं होतं, सांगा ना मामाजींना. तुम्ही मलाही नीट सांगितलं नाहीत अजून. कूलर चालू होता ना?

पंजाबराव : होता.

रेवती : मग?

पंजाबराव : मंग काय. आमच्या इकडं सकाळी नवाले दार लोटलं का रात्री आठाले उघडते. खिडक्या बंद, पडदे बंद. अन् कूलरची घर्रर्र. तुही आई होती तवा दोघं जण त्या आवाजावरून वरडून बोलत होतो, मजा वाटे. आता वरडाले कोणी नाई. त्या दिवशी लाइन गेली, मंग आली, मले काई समजलं नाई. पाण्याचा गिलास हातभर दूर होता अन् हात उठे ना. सागर दार वाजवून राह्यला होता म्हणे किती तरी वेळ. मले वाटे कूलरच वाजून राह्यला.

वैजनाथ : हे तुम्ही कधी बोलला नाहीत.

पंजाबराव : बोलायची गोष्ट हाय का ते?

रेवती : इथं दार बंद नसतं, बाबा. मला एवढंच सांगायचं आहे. लग्न होऊन आले तेव्हा मी किती नाकं मुरडली होती, आठवतं? फोनवर रडले होते तुमच्याजवळ. काय हे गाव, एक तलाव, दोन चौक, संपलं. आणि आता पुण्याची अर्पिता फोनवर ट्रॅफिकचं सांगायला लागली ना, की मी तिचं पुरतं ऐकूनसुद्धा घेत नाही. म्हणते, माझा नवरा दुपारी घरी जेवायला येतो. माझी लेक शाळेतून चालत येते, आणि ती निघाली की पहिला फोन किराणावाल्याचा, दुसरा झेरॉक्सवाल्याचा, निघाली बरं का ताई. मी बसल्या जागी तिला घरापर्यंत आणते. मला किती भीती वाटत असते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या कुठल्याही गावात मी वेडी झाले असते. तुम्ही आत्ता इथे बसलात, तासभरसुद्धा झाला नाही, आणि किती लोकांनी विचारलं, वैजनाथराव, हे कोण?

पंजाबराव : लय जणांनी. एकानं तं बीपीची गोळी कोणती घेता ते बी इचारलं.

वैजनाथ : ते वंदनाताईंचे यजमान. त्यांना सगळ्यांच्या गोळ्या पाठ आहेत.

रेवती : दुपारी उकडतं इथं. उकडतंच. पण साडेपाच वाजले की हे गाव बाहेर पडतं. बाळंतीण निघते, म्हातारे निघतात, ज्याला पाय ओढत यावं लागतं तोसुद्धा काठी टेकत एक फेरी मारतो. एखादा दिवस कोणी दिसला नाही, तर रात्री घरी चौकशीला माणूस. मागच्या महिन्यात मामाजींना ताप होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या अंगणात आठ चपला! सगळे फेरी सोडून बघायला आलेले.

वैजनाथ : चहा करून करून बिचारी थकली.

रेवती : थकले नव्हते. मला इतकं छान वाटलं होतं ना त्या दिवशी. म्हटलं, बघा माझं गाव.

पंजाबराव : तुहं गाव कधीपासून झालं हे?

रेवती : माहीत नाही. पण आहे.

वैजनाथ : पंजाबराव, मी काही तिच्यासारखं बोलू शकत नाही. रात्रीचा गारवा मी तुम्हाला देऊ शकत नाही आता, तो माझ्याजवळ राहिला नाही. पहाटेचा थोडा आहे, पण पूर्वीसारखा नाही. माझ्याजवळ आता ही एवढी संध्याकाळ आहे. ती घ्या तुम्ही. रोज घ्या. पाहुणा म्हणून नको, माझ्या जोडीला म्हणून घ्या. शंतनु फिरायला येतो तर कानात ती बोंडं घालून येतो. मला भांडायला कोणी नाही हो.

पंजाबराव : भांडायले अकोल्याहून माणूस आणला का?

वैजनाथ : इथले सगळे माझ्याशी सहमत असतात. बुलढाणा चांगलं म्हटलं की हो म्हणतात. त्यात काय मजा?

पंजाबराव : मी नाई म्हणत हो. तुमच्या तलावात पाणवेली वाढली हाय, तिकडं त्या कोपऱ्यात कोणी कचरा टाकते, अन् हा बाक एका पायानं हालून राह्यला.

वैजनाथ : तो बाक नगरपालिकेकडे मी स्वतः तीनदा…

पंजाबराव : अर्ज नका करू. एक पाना पाहिजे अन् एक नट. घरी हाय का पाना?

वैजनाथ : असेल. शंतनुच्या गाडीत असेल.

रेवती : बाबा, पान्याचं राहू द्या. उद्याच्या गाडीचं बोला.

पंजाबराव : लोक काय म्हनतीन, रेवे?

रेवती : काय म्हणतील? गोळी कोणती घेता, असं म्हणतील.

पंजाबराव : अन् तुहा नवरा?

वैजनाथ : त्यानंच मला आठवड्यापूर्वी सांगितलं, बाबा, तुम्ही कसंही करून त्यांना थांबवा. मी जरा… कसंही केलं.

पंजाबराव : एक गोष्ट पहिलेच सांगतो मंग. घरी गेल्यावर त्या कूलरवरच्या गोधड्या काढा. हॉलच्या खिडकीत लावा, रस्त्याकडं तोंड करून. मले तोंड लपवून थंडा वारा घ्यायचा नाई. अन् ती चादर पोरीच्या खेळण्यात देऊन टाका.

वैजनाथ : कोणी विचारलं, बुलढाण्यात कूलर कसा म्हणून, तर?

पंजाबराव : मी सांगतो ना. म्हणा, अकोल्याचा इवाई आला, त्याले सवय हाय.

वैजनाथ : हे चालेल का?

पंजाबराव : चालंल काय, पळंल. इरा! ए इरा, इकडं ये, पाण्याजवळ नको! पाह्य, मले बी लागली तुही सवय. रेवे, तुहा फोन दे अठी. माह्या फोनची बॅटरी गेली. सागरचा नंबर हाय ना तुह्याजवळ?

रेवती : आहे. पहिला आहे. लावला, घ्या. वाजतोय.

पंजाबराव : हॅलो, सागर? हाव, मीच बोलून राह्यलो, पोरीच्या फोनवरून. नाई नाई, तब्येत ठीक हाय. आयक, चाबी तुह्याजवळ हाय ना? पलंगाखाली माहे कापडी बूट हायेत, निळे. ते पिशवीत घाल अन् सकाळच्या बुलढाणा गाडीच्या कंडक्टरजवळ दे. काऊन म्हंजे? तलावाले मोठा फेरा हाय बापा अठी, चपलेनं होत नाई… हाव, दोन्ही जोड मोजे बी टाक.